कोब्याचे दिवस पालटले

लेव्हलमामा कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघत. यजमान दारात हसतमुखानं उभे असोत, आतून चहाचा वास येवो की पाळण्यात चार दिवसांचं बाळ झोपलेलं असो, मामांची पहिली नजर जमिनीवर. मग एक पाय किंचित पुढे सरकवून ते टाचेनं दाबून बघत आणि "उतार न्हाणीघराकडे हवा होता, दाराकडे गेलाय," असं काहीतरी यजमानांना ऐकवत. बाळ बघायला आलेल्या माणसानं असं बोलू नये, हे त्यांच्या बायकोनं तीस वर्षं सांगून पाहिलं आणि मग त्यांना बाळ बघायला न्यायचंच बंद केलं. खरं नाव कागदोपत्री राहिलं. पुतणे, शेजारी, सिमेंटवाला, सगळ्या जगाचे ते लेव्हलमामा झाले.

ते कोबा घालत. खडी, वाळू, सिमेंट कालवून ओतायचं, चोपायचं, पट्टीनं सपाट करायचं, वर रंगाची भुकटी भुरभुरायची आणि गुडघ्यांवर बसून थापीनं घोटत राहायचं, आपलं तोंड त्यात दिसेपर्यंत. चाळीस वर्षं मामांनी हेच केलं. गुडघे कामातून गेले, कंबर गेली, पण हात शाबूत होता. त्यांच्या कोब्यावर दुधाचा थेंब सांडला तर कुठं पळू हे त्याला कळायचं नाही, तो जागच्या जागी बसून राहायचा.

पण दुखणं वेगळंच होतं. कोबा ही ऐपत नसलेल्याची जमीन. माणूस हातात पैसा नसताना कोबा घालून घ्यायचा आणि पैसा आला की सगळ्यात आधी तो झाकायचा. कुणी वर फरशी बसवी, कुणी रबरी चादर अंथरी, आणि बऱ्यापैकी वर चढलेली मंडळी भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकत. मामांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, त्यांच्या हाताखाली माल कालवायचा आणि तोंड अखंड चालवायचा. तो म्हणायचा, आपलं काम बनियनसारखं आहे दाजी, घालतात सगळे, दाखवत कुणी नाही. मामांना हे हसू येण्यासारखं कधीच वाटलं नाही.

मग हवा फिरली. कार्पेटमध्ये धूळ बसते, बारीक किडे होतात, सांडलेलं काही निघत नाही, असं लोकांना एकाएकी समजलं. वीस वर्षं ज्याच्यावर लोळले त्याच्याकडे लोक नाकाला रुमाल लावून संशयानं बघायला लागले. गुळगुळीत कागदाच्या मासिकांत मोठमोठ्या दिवाणखान्यांचे फोटो यायला लागले आणि त्या दिवाणखान्यांत खाली होता साधा, उघडा, राखाडी कोबा. कोबा असं अर्थातच कुणी म्हणत नव्हतं. त्याला आता 'डेकोरेटिव्ह काँक्रीट' म्हणत होते. मेहुण्यानं हा शब्द पाठ केला, छातीवर हात ठेवून तो चारचौघांत म्हणायला लागला आणि त्याच शब्दाच्या जोरावर एक बडं काम घेऊन आला.

घर दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं होतं. दोन मजली, पुढं लोखंडी फाटक, आत खोलीखोलीत तपकिरी कार्पेट. बाई कमी बोलणाऱ्या. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणून झाल्यावर घरी कुणी तोंड मिटून बसलं तर त्यांना बरं वाटायचं. त्यांचे यजमान कुठल्याशा कचेरीत साहेब होते आणि रोज सकाळी उठल्याबरोबर त्यांना अकरा शिंका यायच्या. बाईंनी त्या मोजल्या होत्या. साहेबांचा एक झुपकेदार पांढरा कुत्रा होता, तो रात्री त्यांच्या उशाशी झोपायचा. शिंकांचा ठपका मात्र कार्पेटवर आला, कारण कार्पेटला शेपटी हलवता येत नव्हती.

जमीन कशी करायची हे ठरवायला साहेबांनी आपल्या बहिणीचा मुलगा बोलावला होता. तो बाहेर राहून घरांची सजावट शिकून आला होता. जाड काळ्या काड्यांचा चष्मा, घोट्याच्या वर संपणारी पँट, आणि बोलताना दोन्ही हातांनी हवेत काहीतरी कुरवाळायची सवय. सगळे मामा म्हणतात म्हणून तोही मामांना मामाच म्हणायला लागला, आणि मामा त्याला भाचेसाहेब म्हणायला लागले. नातं जमलं ते एवढंच.

भाचेसाहेबांचं म्हणणं असं, की जमीन बोलली पाहिजे. तिनं आपलं वय सांगितलं पाहिजे. नवी जमीन करायची, पण ती शंभर वर्षांची वाटली पाहिजे. रंग शिळ्या चहाचा. चमक असावी, पण आपण चमकतोय हे तिला माहीत नसावं. एवढं सांगून त्यांनी पिशवीतून एक गुंडाळलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. त्यावर दिवाणखान्याचा आराखडा होता आणि त्यात लाल शाईनं सात नागमोडी रेघा ओढल्या होत्या.

या कसल्या, मामांनी विचारलं.

"भेगा," भाचेसाहेब म्हणाले. "एक दारापासून सोफ्यापर्यंत जाईल. ही मुख्य. बाकीच्या तिला साथ देतील."

मामांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. चाळीस वर्षं त्यांनी भेगांशी वैर केलं होतं. कोबा लवकर सुकू नये म्हणून ओली पोती अंथरून ते त्याच्यापाशी तापकऱ्याच्या उशाशी बसावं तसे बसले होते. एकदा कुणाच्या तरी घरी केसाएवढा तडा गेला तर तीन दिवस धड जेवले नव्हते. आणि हा माणूस नकाशा काढून भेगा मागत होता, त्याही साथसंगतीसह. मेहुण्यानं मागून मामांचा सदरा ओढला नसता तर काम तिथंच संपलं असतं.

घरची मंडळी तीन आठवडे साहेबांच्या बहिणीकडे राहायला जाणार होती. भाचेसाहेबांना कुठल्याशा प्रदर्शनाला जायचं होतं, ते शेवटी उगवणार होते. निघायच्या दिवशीच सकाळी मामा आणि मेहुणा कार्पेट उचलायला आले. भिंतीच्या कडेनं खिळ्यांच्या पट्ट्या होत्या, त्यांच्यातून ते उपटून काढावं लागत होतं. खालचा फोम पिठासारखा झाला होता. त्या पिठात सेफ्टी पिना, एक कर्णफूल, कुत्र्याचे पांढरे केस आणि कुणाची तरी एक दाढ निघाली. बाईंनी ती दाढ उजेडाला धरून बघितली आणि आपली नाही म्हणून बाजूला ठेवली.

खिडकीकडच्या कोपऱ्यात कार्पेट मागं सरकलं आणि मामा गुडघ्यांवर बसले ते बसूनच राहिले. खाली गडद लाल जमीन होती. भिंतीपासून चार बोटं आत दोन बोटं रुंदीची काळी पट्टी, आणि कोपऱ्यात ती काटकोनात न वळता गोलाईनं वळलेली. अशी पट्टी त्या भागात एकच माणूस काढायचा. मामांनी फडक्यानं आणखी थोडं पुसलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं रांगत गेले. तिथं, दाराच्या अलीकडे, एक तिरकी बारीक भेग होती. त्यांची एकुलती एक, जिच्यापायी तीन दिवस जेवण गेलं नव्हतं ती.

घर ओळखू आलं नव्हतं कारण तेव्हा ते बैठं होतं, फाटक नव्हतं, आणि मालक दुसरा होता. बावीस वर्षांपूर्वी त्या मालकासाठी मामांनी ही जमीन घातली होती, नुकतीच कंबर धरायला लागलेली असताना, महिनाभर घोटून घोटून. पाणी मारून सात दिवस तिच्यावर पाऊल टाकू नका असं बजावून ते गेले आणि चौथ्या दिवशी घरच्यांनी तिच्यावरून लोखंडी कपाट ओढत नेलं. ती भेग कपाटाची. मामा भांडायला आले तेव्हा कार्पेटवाले दारात उभे होते. मालक म्हणाला होता, जाऊ द्या हो, तशीही झाकायचीच आहे. संध्याकाळपर्यंत सगळं झाकून झालं. तयार झालेली आपली सर्वांत चांगली जमीन मामांनी एक दिवससुद्धा पाहिली नव्हती.

त्यांनी बाईंना आणि भाचेसाहेबांना बोलावलं. खिळ्यांची भोकं बुजवायची, डिंक खरवडायचा, मशीन फिरवून वर मेण द्यायचं की काम झालं, नवीन काही करायची गरज नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. ही मीच घातलीय, हेही म्हणाले.

भाचेसाहेबांनी बुटाच्या टोकानं लाल जमिनीवर दोनदा टिचकी मारली. "मामा, हा कोबा आहे. आपल्याला काँक्रीट हवंय."

"दोन्हींत फरक काय?"

"दृष्टीचा," भाचेसाहेब म्हणाले, आणि सोमवारी फोडायचं मशीन येईल, हे सगळं उकरून काढा, असं सांगून कुत्र्याला गाडीत बसवायला गेले. डॉक्टरीणबाईंनी त्या लाल तुकड्याकडे क्षणभर पाहिलं, पण नवऱ्याच्या भाच्यापुढं बोलणं म्हणजे नणंदेशी वर्षभर अबोला, तेव्हा त्या किल्ली देऊन निघून गेल्या.

सोमवारी मशीन आलं. त्याची जाड लोखंडी पहार मामांनी स्वतः जमिनीवर टेकवली. मशीनवाला बटणावर बोट ठेवून वाट बघत होता. मामांनी पहार पुन्हा उचलली, जरा डावीकडे टेकवली. मग उजवीकडे. असं चार वेळा झाल्यावर मशीनवाल्याला मेहुण्यानं चहा पाजून परत पाठवलं. हा काही फार मोठा त्याग नव्हता. मामा हट्टी होते, आणि भाचेसाहेबांच्या बुटाची ती टिचकी त्यांच्या डोक्यात बसली होती.

मग दोघं खरवडायला बसले. नऊ दिवस नुसता डिंक निघत होता. गरम पाणी, पातं, फडकं, पुन्हा गरम पाणी. पाचशेच्या आसपास खिळ्यांची भोकं मामांनी लाल माल कालवून एकेक करून बुजवली. शेजारच्या घरातले गृहस्थ कुंपणावरून डोकावून म्हणाले, काय हो, फोडल्याचा आवाजच नाही. मेहुण्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं की डेकोरेटिव्ह काँक्रीट हे असंच, शांतपणे होतं. गृहस्थांनी मान डोलावली आणि आत जाऊन बायकोला हे सांगितलं.

भाचेसाहेबांना मात्र रोज फोटो हवे होते. पूर्ण झालेल्या कामापेक्षा होत असलेलं काम जास्त सुंदर असतं, असं त्यांचं मत होतं. ते खातं मेहुण्यानं सांभाळलं. एक दिवस न उघडलेल्या सिमेंटच्या पोत्यांचा फोटो, एक दिवस रिकाम्या बादलीचा, एक दिवस नुसत्या आपल्या ओल्या पावलांचा. पावलांच्या फोटोवर भाचेसाहेबांचा उलट निरोप आला की डोळ्यांत पाणी आलं. काढलेलं कार्पेट मेहुण्यानं टेंपोत घालून आपल्या घरी नेलं होतं. आठवड्याभरात त्याच्या घरी कुणालाही एक शिंक आली नाही, यावरून त्याला काहीतरी लक्षात यायला हवं होतं, पण त्याचं सगळं लक्ष फोटोंकडे होतं.

मेणाचा शेवटचा हात दिला त्या दिवशी मामांनी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दारात उभे राहून बावीस वर्षांची उधारी वसूल केल्यासारखं पोटभर बघून घेतलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी गाडी फाटकात आली तेव्हा मात्र त्यांनी चपला पायात चढवून ठेवल्या. आता आपली वरात निघणार, चोर म्हणून की म्हातारा बहकला म्हणून, एवढंच बघायचं होतं.

भाचेसाहेब आत आले, बूट काढले, डोळे मिटले आणि अनवाणी पायांनी दिवाणखान्याच्या मधोमध जाऊन थांबले. कुत्र्यानं मागोमाग आत येऊन सरळ कुशीवर अंग टाकलं.

"आता बोलतेय," भाचेसाहेब डोळे न उघडता म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी ती कपाटाची भेग बोटानं चाचपली आणि उठून साहेबांकडे वळले. मी सात काढल्या होत्या, पण मामांनी सहा गाळल्या, एकच ठेवली, याला म्हणतात संयम, असं ते साहेबांना सांगत होते. साहेबांनी संयमाकडे वाकून पाहिलं आणि त्यांना शिंका यायला लागल्या. मेहुणा मोजत होता. अकराच होत्या. शिंका कुत्र्यामुळे येतात हे पुढं त्या घरात हळूहळू सगळ्यांना कळलं, पण तोवर कार्पेट गेलं होतं आणि कुत्रा लाडका होता.

पुढच्या रविवारी दुपारी जमीन दाखवायला माणसं बोलावली. मामांनाही बोलावणं होतं. धुतलेला सदरा घालून ते स्वयंपाकघराच्या दाराशी, आपल्या भेगेजवळ, उभे होते. पाहुणे हातात सरबताचे पेले घेऊन खाली बघत फिरत होते. आयुष्यात पहिल्यांदा मामांना आपल्यासारखी पंधरावीस माणसं एका खोलीत दिसली. भाचेसाहेब मधोमध उभे राहून हा लाल रंग आपल्याला कसा सुचला ते सांगत होते. शिळ्या चहाचं नावही निघालं नाही.

तेवढ्यात मोत्यांची माळ घातलेल्या एका वयस्क बाईंनी मामांना विचारलं की अशी जमीन व्हायला किती दिवस लागतात.

मामांच्या घशाशी तीन आठवडे अडकलेलं होतं ते बाहेर आलं. "बावीस वर्षं," ते म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वीची आहे ही. आम्ही फक्त पुसली."

मेहुण्यानं डोळे मिटून घेतले. मग कुणीतरी हलकेच "वा" म्हटलं, आणि मोत्यांच्या माळेच्या बाईंनी छातीवर हात ठेवला. किती खरं आहे, त्या म्हणाल्या, कलावंत करतो ते नुसतं पुसणंच असतं, मुळात ते तिथं असतंच. भाचेसाहेबांनी मामांच्या खांद्यावर हात टाकला. चार माणसांनी फोटो काढले. मामा म्हणत राहिले, अहो, खरंच पुसलीय, या भाचेसाहेबांना विचारा, आधीच्या मालकाचं कपाट होतं. जितकं सांगत गेले तितकी माणसं जास्त भारावत गेली. शेवटी मामा गप्प बसले, तर गप्प बसण्याचंही कौतुक झालं.

पाहुणे गेल्यावर बाईंनी मामांना चहा दिला आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आल्याच्या पहिल्या सकाळीच कळलं. न उघडलेली पोती दुकानात परत जाताना पाहिली. शिवाय फ्रिजच्या मागं खिळ्याचं एक भोक बुजवायचं राहिलंय. मी दिवसभर भोकंच बुजवते, मामा. मला दिसतात."

मामांना आधी हायसं वाटायला हवं होतं. पण एक भोक राहिलं हे ऐकून त्यांचा चहा कडू झाला. मग त्यांनी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"कवळी करताना मी दात थोडे पिवळट घेते. एखादा किंचित वाकडा लावते. मग लोक म्हणतात, या वयात यांचे स्वतःचे दात काय छान आहेत." बाई पहिल्यांदाच हसल्या. "खरा दात कवळी म्हणून खपलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हटलं, बघू तरी."

मामांनी कप खाली ठेवला, फ्रिज सरकवला आणि ते भोक बुजवल्यावरच घरी गेले.

त्यानंतर कामांची रीघ लागली. 'बावीस वर्षांची जमीन' अशी अक्षरं भाचेसाहेबांनी छापून घेतली आणि खाली आपलं नाव टाकलं. सगळ्यांना डॉक्टरीणबाईंच्या घरासारखी हवी होती, दहा दिवसांत. मामांचा ताठा तेव्हा कुठं गेला होता कोण जाणे, त्यांनी कामं घेतली. एक कारण मेहुणा, दुसरं असं की चाळीस वर्षांत कुणी त्यांना कलावंत म्हटलं नव्हतं आणि तो शब्द गुळासारखा जिभेवर बसला होता. मोत्यांच्या माळेच्या बाईंच्या घरी तर त्यांनी शरम गिळून नकाशाबरहुकूम सात भेगा काढल्या. ओल्या मालात दोरा दाबून, पातं फिरवून, मान खाली घालून. त्या दिवसांत ते घरी बायकोशी नजर चुकवून बोलत. कुठं चोरी करून आल्यासारखे का वागताय, असं तिनं विचारल्यावर ते म्हणाले, तसंच काहीसं आहे.

भाचेसाहेब येऊन बघून गेले. भेगांपाशी बसले, मान एका बाजूला कलती करून त्यांनी त्या निरखल्या आणि उसासा टाकला. भेगा फार व्यवस्थित आल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. सगळ्यांची खोली सारखी, मधलं अंतर सारखं, कडा गुळगुळीत. पुन्हा काढाव्या लागतील, जरा मनापासून बिघडवा, ते म्हणाले.

मामा उठले, थापी धुतली, पुसली, पिशवीत घातली. मनापासून बिघडवणारा दुसरा कुणी बघा, मला या वयात ते शिकता यायचं नाही, एवढं बोलून ते निघाले. भाचेसाहेबांना माणूस मिळायला अडचण आली नाही. मनापासून बिघडवणारे पुष्कळ होते, त्यातले काही तर मामांनीच कधी काळी कामावरून काढून टाकलेले. मेहुणा जड मनानं मामांच्या मागं आला आणि बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाला, दाजी, निदान आजचा चहा तरी पिऊन निघायला हवं होतं.

पंधराएक दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखान्यातली जुनी रबरी चादर फाटली होती, पेशंट अडखळत होते. तिथं साधा लाल कोबा हवा होता, काळ्या पट्टीचा, एकही भेग नसलेला. भाचेसाहेबांना सांगायचं नव्हतं. मामांनी दवाखाना आठवडाभर बंद ठेवायला लावला, आणि सात दिवस दाराशी खुर्ची टाकून स्वतः बसले, म्हणजे कुणी कपाट नेणार नाही.

ती जमीन अजून उघडीच आहे. मामांची एक दाढ हलायला लागलीय, तेव्हा त्यांना तिथं अधूनमधून जावं लागतं. नंबर यायची वाट बघत ते बाकावर बसतात. आजूबाजूला गाल धरून, माना खाली घालून माणसं बसलेली असतात. कुणाला बोलवत नाही, कुणाला वर बघवत नाही, तासतासभर सगळे नुसते जमिनीकडे टक लावून असतात. परवा मामांचा नंबर पुकारला तर ते शेजारच्या सुजलेल्या गालाला म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मला घाई नाही.